लॅब, कॉकर आणि मनीमाऊ: मायाळू गनडॉगसोबत घर कसं चालवायचं

लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, कॉकर स्पॅनियल ही कुत्री आपल्याकडे ‘फॅमिली डॉग’ म्हणून घरात येतात. मुलांवर जीव लावतात, पाहुण्यांच्या मांडीवर डोकं ठेवतात, दिवसभर पायात पायात करतात. पण या जाती घडल्या त्या बंदूक घेतलेल्या शिकाऱ्याच्या बरोबरीने काम करायला, म्हणून यांना गनडॉग म्हणतात. लॅबचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडची पाण्याला सरावलेली कुत्री. ती इंग्लंडात गेल्यावर पाण्यात पडलेली बदकं आणून देऊ लागली आणि १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने लॅबला जात म्हणून मान्यता दिली. गोल्डनची सुरुवात १८६८ मध्ये स्कॉटलंडच्या हायलँड्समधल्या एका इस्टेटीवर झाली, पिवळ्या रंगाचा एक रिट्रीव्हर आणि ट्वीड वॉटर स्पॅनियल मादी यांच्या पिल्लांपासून. कॉकरचं काम झुडपात घुसून पक्षी उठवण्याचं.

हा इतिहास घरात रोज उपयोगी पडतो. शिकाऱ्याला असं कुत्रं हवं होतं, जे माणसाकडे बघत राहील, सांगितलं की धावेल आणि सापडलेला पक्षी न चावता हातात आणून देईल. आपण ज्याला माया म्हणतो त्यातला मोठा भाग हाच आहे. ते तुमच्याजवळ येऊन बसतं तेव्हा ‘आता काय करू?’ असं विचारत असतं. त्यावर नुसतं गोंजारून भागवलं तर ते स्वतःच काम शोधून काढतं, मग सोफ्याचा कोपरा असो, मांजराची शेपटी असो नाहीतर आजोबांची चप्पल. म्हणून मी खाली कुठल्याही विषयावर बोलले तरी सांगणं एकच आहे: याला घरात रोजचं ठरलेलं काम द्या, मग बाकीची शिस्त लावणं खूप सोपं जातं.

१. पिल्लू आणण्याआधी

कुत्र्यांचं प्रजनन आणि विक्री यांबद्दल केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तरी ‘लहान आणलं की लळा लवकर लागतो’ असं सांगत पाच आठवड्यांचं पिल्लू गळ्यात मारणारे पुष्कळ भेटतात. तिथून सरळ परत फिरा. आईजवळ, भावंडांशी मस्ती करताना पिल्लू दाताचा जोर आवरायला शिकतं. ते शिकणं तुटलं तर पुढे मुलांच्या हातांवर ओरखडे दिसत राहतात.

पिल्लाची आई बघायला मागा. ती कुठे राहते, माणसाला पाहून कशी वागते हे डोळ्यांनी बघा. लॅब आणि गोल्डन यांच्यात खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांचे आनुवंशिक दोष बऱ्यापैकी आढळतात, म्हणून आईवडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे काढलेत का ते विचारा. आणि पिल्लूच हवं असा हट्ट नसेल तर मोठं कुत्रं दत्तक घ्या, असं मी आवर्जून सांगेन. ‘फ्लॅटमध्ये झेपत नाही’ म्हणून सोडून दिलेले दोन-तीन वर्षांचे लॅब प्राणीमित्र संस्थांकडे असतात. त्यांचं कुरतडण्याचं वय संपलेलं असतं आणि स्वभाव समोर दिसत असतो.

आता घर. आपल्या फ्लॅटमधली गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी ही या कुत्र्यांची मोठी अडचण आहे. वाढत्या वयात पाय फाकून घसरणं सांध्यांना चांगलं नाही. हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत आणि पाण्याच्या भांड्याजवळ रबरी चटया किंवा खालून न सरकणारी जाड सतरंजी टाका. जिन्याचंही तसंच. नॉर्वेत काही मोठ्या जातींच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात, तीन महिन्यांच्या आत रोज जिना चढउतार करणाऱ्या पिल्लांमध्ये खुब्याच्या दोषाचा धोका जास्त दिसला होता. तेव्हा पहिल्या मजल्यावर राहत असलात तरी तीन महिन्यांपर्यंत उचलून न्या. मऊ जमिनीवर, मोकळं सोडून खेळवलं तर उलट फायदाच होतो.

कागदपत्रांत दोन गोष्टी. महापालिकेचा श्वान परवाना काढा, मुंबई-पुण्यात तो लागतोच. आणि सोसायटीने हरकत घेतली तर भांडण्याआधी भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत सेक्रेटरींना द्या. त्यांनुसार बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. मात्र आपल्या कुत्र्याची घाण आपणच उचलायची, अगदी रोज, कोणी बघत नसलं तरी. लिफ्टमध्ये कुणाला भीती वाटत असेल तर आपण पुढच्या लिफ्टने जावं. निम्मे वाद तिथेच मिटतात.

२. घरात आधीच मांजर असेल तर

या पायरीला वेळ द्या. घाईने एकत्र आणलेल्या कुत्र्या-मांजराची पहिली झटापट दोघांच्याही कायम लक्षात राहते. गनडॉगमध्ये भक्ष्य झडप घालून मारायची वृत्ती मुद्दाम कमी ठेवलेली आहे, म्हणून आपल्याकडच्या कारवान किंवा मुधोळसारख्या नजरेने हेरून पाठलाग करणाऱ्या कुत्र्यांपेक्षा यांची मांजराशी दोस्ती सहसा लवकर जमते. तरी पळणाऱ्या वस्तूमागे धावणं आणि ती तोंडात धरणं हे रक्तात असतंच. आपल्याला जपायचंय ते मांजराला.

पहिले तीन-चार दिवस दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा. मांजराच्या अंथरुणातला कपडा पिल्लाच्या जागेजवळ ठेवा आणि पिल्लाचा मांजराजवळ. मनी त्या कपड्यावर फिसकारायची थांबली, त्याच्या शेजारी बसून जेवू लागली की पुढे जायचं. तोवर दार उघडायचं नाही.

मग दाराला बाळासाठी लावतात तशी जाळीची फाटकं लावा आणि दोघांना फाटकाच्या दोन बाजूंना, आधी लांब अंतरावर, जेवायला द्या. इथे नीट बघा. पिल्लाने मनीकडे पाहिलं आणि लगेच तुमच्याकडे मान वळवली, तर त्या क्षणी ‘शाब्बास’ म्हणून घास द्या. तुम्हाला नेमकं हेच शिकवायचंय: मांजर दिसलं की माणसाकडे बघायचं. नजर मांजरावरच खिळली, तोंड मिटलं, अंग ताठ झालं, पुढचा एक पाय उचलला गेला, तर अंतर फार कमी झालंय. काही न बोलता त्याला मागे घ्या आणि चार पावलांवरून पुन्हा सुरू करा. ओरडायचं नाही, नाहीतर ‘मांजर आलं की ओरडा बसतो’ एवढंच त्याच्या डोक्यात राहील.

यानंतर एका खोलीत, पण कुत्रा पट्ट्यावर. आधी त्याला लांब फिरवून आणा, म्हणजे अंगातली रग जिरलेली असेल. मांजराला पट्टा नको, तिला उचलून कुत्र्यासमोर धरणं तर अजिबात नको. तिला येऊ द्या, जाऊ द्या. कपाटावर, खिडकीच्या कट्ट्यावर, फळीवर अशा उंच जागा तिच्यासाठी मोकळ्या ठेवा, आणि जमिनीला पाय न लावता एका खोलीतून दुसरीकडे जाता येईल अशी वाट करून द्या. सहा-सात महिन्यांच्या दांडगट लॅबपासून तिला खरी सुटका तिथेच मिळते. दोघं शांतपणे एकमेकांसमोरून जाऊ लागले की पट्टा सोडा. घरात कोणी नसताना मात्र पुढचे बरेच महिने दोघांना वेगळंच ठेवा.

मांजराचं जेवण ओट्यावर किंवा फाटकाच्या पलीकडे. कॅट फूडमध्ये प्रथिनं आणि चरबी जास्त, त्यामुळे लॅब त्यावर ताव मारून सुटतो. उलट मांजराला कुत्र्याचं खाणं पुरत नाही. तिला टॉरिन नावाचं द्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं, ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय खराब होतं. लिटर बॉक्सही कुत्र्याचं नाक पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा. कुत्रं त्यातली घाण आवडीने खातं, ते बघून धक्का बसतो, पण ते फार कॉमन आहे.

३. पक्षी, ससा, कासव

पिंजऱ्यातले लव्हबर्ड्स किंवा बजरीगर आणि कॉकर स्पॅनियल एका खोलीत ठेवू नका. पक्ष्याच्या वासाने आणि फडफडाटाने चेतणं हेच त्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम, आणि पिंजऱ्याखाली तासन्‌तास टक लावून बसलेल्या कुत्र्यामुळे पक्ष्याला घास गिळत नाही. पिंजरा दुसऱ्या खोलीत, भिंतीला टेकवून, खांद्याच्या उंचीवर. सशाचंही तसंच, मऊ तोंडाच्या लॅबने नुसतं उचलल्यानेसुद्धा ससा दहशतीने दगावू शकतो.

अजून एक सांगायलाच हवं. आपला हिरवा पोपट आणि तारा कासव घरात पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. ‘आजीकडे होता की’ म्हणून तो कायदेशीर होत नाही. कोणी देऊ केला तर घेऊ नका.

४. तोंडात काय आहे? ‘दे’ शिकवण्याची रीत

रिट्रीव्हर म्हणजे आणून देणारा. घरात आलेल्या माणसासमोर तो मोजा, टॉवेल, टीव्हीचा रिमोट तोंडात घेऊन उभा राहतो, ती त्याची स्वागताची पद्धत आहे. अशा वेळी घरातले सगळे ‘अरे अरे, सोड!’ करत त्याच्या मागे धावतात. मग त्याला दोन गोष्टी कळतात: वस्तू उचलली की पळापळीचा खेळ रंगतो, आणि जवळ गेलं की वस्तू हिसकावून घेतात. पुढच्या वेळी तो पलंगाखाली जातो, किंवा गिळूनच टाकतो. कॉकरमध्ये याचं पर्यवसान कधीकधी वस्तूवरून गुरगुरण्यात होतं.

तेव्हा उलटं करा. रोज पाच मिनिटं द्यायची, पिल्लू आल्यापासून. त्याला एखादं साधंसं खेळणं द्या. ते तोंडात असताना उकडलेल्या चिकनचा लहानसा तुकडा त्याच्या नाकाशी न्या. तोंड उघडतं त्या क्षणी ‘दे’ म्हणा, तुकडा द्या आणि खेळणं लगेच परत करा. हे परत करणं विसरू नका. दिलं तरी आपलं जात नाही, उलट वर काही मिळतं, हे त्याला पटायला हवं. काही दिवसांनी तुकडा दाखवण्याआधी शब्द म्हणा. मग मोजा, चप्पल, रिमोट यांवर सराव करा. घरात सगळ्यांचा शब्द एकच ठेवा. आजी ‘टाक’ म्हणते, मुलगा ‘ड्रॉप’ म्हणतो, बाबा ‘सोड रे’ म्हणतात, यात कुत्रा बिचारा गोंधळतो.

आणि घरातल्या काही वस्तू तोंडापर्यंत जाताच कामा नयेत. आमच्याकडे मे महिन्यात सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे आंब्याची कोय. रसाचा वास असतो, बुळबुळीत असते, लॅब ती अख्खी गिळतो आणि आतड्यात अडकली की ऑपरेशनशिवाय इलाज उरत नाही. दाणे काढलेलं मक्याचं कणीसही तसंच. आमरसाच्या दिवशी कोयी झाकणाच्या डब्यात टाकून डबा वर ठेवून द्या. गिळल्याची शंका आली आणि उलट्या सुरू झाल्या, खाणं बंद झालं, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

५. रोजचं काम

एका मोठ्या, निरोगी लॅबला सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी पाऊण तासाची फेरी लागते. पण नुसतं चालवून तो थकत नाही, त्याचा स्टॅमिना वाढत जातो. नाक आणि डोकं वापरायला लावलं की दहा मिनिटांत शांत होतो. सुरुवात अशी करा.

त्याच्या सकाळच्या खाण्यातलं मूठभर बाजूला काढा. त्याला ‘थांब’ सांगून बसवा आणि त्याच्या देखत दोन-चार दाणे खोलीतल्या तीन जागी ठेवा: खुर्चीच्या पायाशी, पडद्यामागे, सतरंजीच्या कडेखाली. मग ‘शोध’ म्हणून सोडा. जमू लागलं की त्याला दाराबाहेर ठेवून लपवा. मग खाण्याऐवजी एखादी वस्तू लपवायची, जसं की जुन्या पायमोज्यात थोडे तांदूळ भरून शिवलेली पुरचुंडी, आणि ती आणून दिल्यावर खाऊ. शिकारी कुत्र्याची हीच तालीम असते, फक्त पक्ष्याऐवजी पुरचुंडी. पहिल्यांदा ती पुरचुंडी सापडते तेव्हा शेपटीपासून खांद्यापर्यंत सगळं अंग हलत असतं. ते बघितल्यावर तुम्ही हा खेळ बंद करणार नाही.

त्यात घरातलीही कामं घाला: सकाळचं वर्तमानपत्र दारातून आत आणणं, मुलीचा टॉवेल बाथरूमपर्यंत पोचवणं, भाजीची रिकामी पिशवी तोंडात धरून खाली जाणं. आणि तितकंच महत्त्वाचं काम म्हणजे काही न करणं. जेवायच्या वेळी त्याच्या चटईवर ‘जागेवर’ सांगून बसवा आणि तो शांत पडून असताना अधूनमधून उठून जाऊन खाऊ द्या. ताटाशी येऊन भीक मागितली तर कोणीही, अगदी आजोबांनीही, काही द्यायचं नाही.

एकटं राहायलाही शिकवावं लागतं. ही कुत्री माणसाला चिकटलेली असतात, आणि नवरा-बायको दोघंही ऑफिसला जाणारी असतील तर भुंकण्याच्या तक्रारी येतात. पहिल्या आठवड्यापासून रोज दोन मिनिटं, पाच मिनिटं असं दाराआड जा, चघळायला काहीतरी देऊन. निघताना ‘माझं बाळ ते, येते हं मी’ असा सोहळा करू नका. दिवसभर आठ तास एकटा राहणार असेल तर मधे फिरवायला माणूस ठेवा. ते जमणार नसेल तर ही जात घेऊ नका.

६. खाणं: कॅल्क्युलेटर घेऊन बसा

लॅबची भूक कधीच भागत नाही याला शरीरशास्त्रातलं कारण आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळलं की साधारण एक चतुर्थांश लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा तुकडा गळालेला असतो, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट जात नाही. तेव्हा ‘मागतोय म्हणजे भूक लागली असेल’ हा हिशोब इथे चालत नाही. किती द्यायचं ते आपण ठरवायचं.

कुत्र्याचं आदर्श वजन किलोत घ्या. त्याचा घन करा, त्याचं वर्गमूळ काढा, आलेल्या आकड्याचं पुन्हा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. ३० किलोच्या कुत्र्याला हे सुमारे ९०० कॅलरी येतं, ही झाली पडून राहण्यापुरती गरज. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या मोठ्या कुत्र्याला त्याच्या १.४ ते १.६ पट, म्हणजे १,२६० ते १,४४० कॅलरी पुरतात. १०० ग्रॅमला ३६० कॅलरी असलेलं कोरडं खाणं असेल तर दिवसाला ३५० ते ४०० ग्रॅम, दोन वेळांत वाटून. वाटीने मोजू नका, काट्यावर तोला. खाऊ धरून वरचं सगळं एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसायला हवं, म्हणजे जास्तीत जास्त १४०. एका पोळीतच शंभरेक कॅलरी जातात. त्यावर चहाबरोबर दोन बिस्किटं दिली की दिवसाचा कोटा संपला. म्हणून फ्रीजवर कागद लावा आणि जो देईल त्याने लिहायचं.

वजन बरोबर आहे का हे बोटांनी कळतं. आपला हात सरळ ठेवून पंज्याच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवा, हाडं हाताला लागतात पण टोचत नाहीत. बरगड्या अशा लागायला हव्यात. वरून बघितलं तर कंबर आत गेलेली दिसायला हवी. हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉरवर आयुष्यभर चाललेल्या एका अभ्यासात, भावंडांपेक्षा पाव हिस्सा कमी खाणं दिलेल्या कुत्र्यांचं मध्यक (मधोमध येणारं) आयुष्य १३ वर्षं निघालं, दुसऱ्या गटाचं ११.२. सांधेदुखीही त्यांना उशिरा सुरू झाली.

घरचं द्यायचं असेल तर कांदा-लसणाशिवाय शिजवलेलं चिकन, अंडं, भात, भोपळा, गाजर चालतं, पण कॅल्शियम आणि इतर पोषक द्रव्यांचा मेळ डॉक्टरांकडून घालून घ्या. रोजच दूध-पोळीवर वाढवलेल्या पिल्लाची हाडं कच्ची राहतात.

काय द्यायचं नाही, ते आपल्याच स्वयंपाकातून सांगते. कांदा-लसूण, कच्चा वा शिजवलेला, म्हणजे रश्शातली फोड धुऊन देणंही नको, त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि मांजराला तर त्याहून लवकर. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. म्हणजे बेदाणे घातलेला शिरा आणि दिवाळीचे लाडूही बंद. यामागे टार्टारिक आम्ल असावं असं आता पशुवैद्यक मानतात, आणि तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. चिंचेने किडनीला इजा झालेली कुत्री नोंदली गेली आहेत. चिंचगुळाची आमटी भातावर घालून देण्याची सवय असेल तर ती आजच मोडा. चॉकलेट, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं च्युइंग गम आणि शिजवलेली हाडंही यादीत आहेतच.

७. गोचीड, आणि मांजर असलेल्या घरातला एक मोठा धोका

पाऊस सुरू झाला की गोचिडी वाढतात. त्यांच्यातून एर्लिशिया आणि बबेसिया हे आजार होतात, आपण ज्याला टिक फीवर म्हणतो. ताप, मलूलपणा, खाणं सोडणं, हिरड्या पांढुरक्या पडणं, नाकातून रक्त ही लक्षणं. यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी रक्त तपासा. रोज संध्याकाळी फेरीहून आल्यावर कानांच्या आत, गळपट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत आणि जांघेत बोटं फिरवायची. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, चिरडू नका, रॉकेल लावू नका. मादी गोचीड कुत्र्यावरून उतरून भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते, तेव्हा घराचे कोपरे आणि अंथरूणही साफ ठेवायला हवं.

आता धोका. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते सोसतं, मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही. चुकून तिच्या अंगावर थेंब टाकले, किंवा ओल्या औषधाच्या कुत्र्याला ती चाटली, त्याला चिकटून झोपली, तरी अंग थरथरायला लागतं, झटके येतात, जीव जाऊ शकतो. म्हणून औषध घेताना दुकानदाराला नाही, डॉक्टरांना विचारा आणि ‘घरात मांजर आहे’ हे पहिलं वाक्य असू द्या. अशा घरात कुत्र्याला तोंडाने द्यायची गोचिडीची गोळी बरी पडते (त्याला पूर्वी फिट आली असेल तर तेही सांगा). आणि मांजर शिंकली, तापली म्हणून आपल्या डब्यातलं पॅरासिटामॉल तिला कधीही देऊ नका, एक गोळीही तिच्या जिवावर बेतते.

लसीकरण पिल्लाच्या सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होऊन सोळाव्या आठवड्यापर्यंत टप्प्याटप्प्याने चालतं. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर आणि मग दरवर्षी. मनी घराबाहेर जात नसली तरी तिलाही.

८. पावसाळ्यात कान आणि केस

कॉकरचे लांब कान आतून हवा खेळू देत नाहीत, आणि कोकणातल्या किंवा मुंबईच्या जून ते सप्टेंबरच्या दमटपणात तिथे बुरशी हमखास होते. आंबूस वास, तपकिरी मळ, सारखं डोकं झटकणं ही खूण. आठवड्यातून एकदा स्वच्छ करा. कानाची पाळी वर उचलून धरा, डॉक्टरांनी दिलेलं द्रावण कानात भरा, आणि कानाच्या मुळाशी बोटांनी अर्धा मिनिट चोळा. आतून पचपच आवाज येतो, तो आला म्हणजे द्रावण खोल गेलं. मग हात सोडून त्याला डोकं झटकू द्या, भिंतीपासून लांब उभं राहून. वर आलेला मळ कापसाने पुसा, इअरबड आत घालू नका. कान लाल, दुखरा असेल तर आधी डॉक्टर, मग सफाई.

लॅब आणि गोल्डनचे केस दुहेरी असतात. वरून कोरडे वाटले तरी आतली लोकर ओलीच राहते आणि तिथे खाजरे चट्टे उठतात. टॉवेलने उलट दिशेने पुसा, मग पंख्याखाली बसवा. उन्हाळ्यात ‘गरम होतं’ म्हणून चकोट करू नका, तीच लोकर उन्हापासून वाचवते. आठवड्यातून दोन-तीनदा ब्रश केला की पुरे.

साचलेल्या पाण्यात मात्र सोडू नका, कितीही ओढ घेतली तरी. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो माणसालाही लागतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईत याची मोठी साथ आली होती. कुत्र्याला याची लस आहे, ती दरवर्षी द्या. पावसाळ्यात भेक तोंडात धरला आणि लाळ गळू लागली तर वाहत्या पाण्याने तोंड धुवा, पाणी घशात न जाता बाहेर पडेल असं, आणि डॉक्टरांना फोन करा.

९. ऊन

नागपूर, जळगावच्या एप्रिलमध्ये फेरी सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री. रस्त्यावर उलटा पंजा सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसला नाही तर त्यालाही सोसणार नाही. गनडॉग खेळताना थांबत नाहीत, तुम्हाला खूश करायला चेंडूमागे पडेपर्यंत धावतात, म्हणून थांबायचं कधी हे तुम्ही ठरवायचं. धाप थांबत नाही, जीभ गडद लाल, पाय लटपटतात, अशी अवस्था दिसली तर उष्माघात समजा. लगेच सावलीत आणून अंगभर साधं पाणी ओता, पंखा लावा, पोट आणि जांघा भिजवा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते. आधी अंग थंड करा, मग गाडीत घाला. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. एक डिजिटल थर्मामीटर त्याच्या नावाचा ठेवा.

फटाक्यांबद्दल थोडक्यात. बंदुकीच्या आवाजाला सरावलेली जात म्हणून तुमचा लॅब दिवाळीला घाबरणार नाही असं धरून चालू नका. शिकारीच्या कुत्र्यांनाही तो आवाज लांबून, हळूहळू ओळखीचा करून देतात. दसऱ्याच्या आधीच मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून खाऊ द्यायला सुरुवात करा, आणि दिवाळीत फेरी उजेड असतानाच उरका. फार घाबरत असेल तर डॉक्टरांकडे औषध आहे, मागायला संकोच करू नका.

१०. बाहेरगावी जाताना

गणपतीला गावी जायचं असेल तर कुत्र्याला न्या, मांजराला घरी राहू द्या. कुत्र्याचं घर म्हणजे तुम्ही, मांजराचं घर म्हणजे तिच्या ओळखीच्या खोल्या. रोज दोनदा येऊन खाणं आणि लिटर बघणारी शेजारची काकू मनीला बोर्डिंगपेक्षा बरी.

कुत्र्याला कोणाकडे ठेवणार असाल तर आधी एक रात्र ठेवून बघा. सोबत एका कागदावर लिहून द्या: किती ग्रॅम, किती वाजता, कोणते शब्द समजतात (‘दे’, ‘थांब’, ‘शोध’, ‘जागेवर’), कशाला घाबरतो, कुठलं औषध चालू आहे, शेवटची लस कधी झाली, डॉक्टरांचा नंबर आणि रात्री उघड्या असलेल्या दवाखान्याचा नंबर. त्याखाली ठळक अक्षरांत कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चिंच आणि आंब्याची कोय. कागदासोबत त्याची तांदळाची पुरचुंडी द्या आणि रोज दहा मिनिटं ती लपवून शोधायला लावायला सांगा.